पुठ्ठ्याआडची मेंढरं

माधव,

परवा तुझ्या शोकसभेत मी तुझी सगळ्यात लाडकी गोष्ट मोडली. तू तिथं असतास तर मधेच उठून म्हणाला असतास, "अबे सोप्या, तू बैठ. तुला रंगवता येत नाही, मी सांगतो." आणि मी बसलो असतो. तू सांगायचं आणि मी मान हलवायची, अशीच ती गोष्ट आपण चाळीसेक वर्षं चालवली. परवा तू हार घालून फोटोत होतास म्हणून मला बोलावं लागलं. बोललो आणि आणखीच घोळ करून ठेवला. म्हणून हे लिहितोय. तुला आता मधे तोंड घालता येत नाही, याचा मी फायदा घेतोय असं समज.

फोटोही चांगला निवडला नव्हता. तू त्यात फार सज्जन दिसतोस.

आपण कॉलेजच्या पहिल्या वर्षी भेटलो. तू औरंगपुऱ्यातला. पणजोबा भिक्षुक, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, वडील वकील. मी पाचोडच्या पलीकडच्या वस्तीवरचा धनगराचा पोरगा, वसतिगृहात राहणारा. वर्गात पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं मला आडनाव विचारलं आणि ते कळल्यावर "अच्छा" म्हटलं. तू एकट्यानं विचारलं नाहीस. मला ते इतकं भावलं की मी तुझ्याशी दोस्ती करायची ठरवूनच टाकली. दोन वर्षांनी तू सहज बोलून गेलास की हजेरीच्या वेळी ते तू आधीच ऐकलं होतंस. तोवर फार उशीर झाला होता, दोस्ती पक्की होऊन बसली होती.

सकाळच्या खेळांची चटक तूच लावलीस. जुने, कृष्णधवल, हसतेखेळते प्रेमाचे सिनेमे रविवारी सकाळी अर्ध्या दरात लागायचे. तेव्हाच ते पंधरा-वीस वर्षांचे झालेले असायचे. तोच थंड हवेचा गाव, तीच हट्टी मुलगी, तोच खिसा रिकामा असलेला पण इस्त्रीचा कोट घातलेला नायक. दोघं भांडणार, गैरसमज होणार, एक काका येऊन गोंधळ वाढवणार आणि शेवटी सगळे एका दिवाणखान्यात जमून हसणार. मला यातलं सगळं आवडायचं. तुलाही आवडायचं, पण तुला आवडलं की लाज वाटायची आणि लाज वाटली की तू भाषण करायचास.

"बघ सोप्या," थिएटरबाहेरच्या हॉटेलात चहाच्या बशीवर बोट आपटत तू म्हणायचास, "नायकाला आडनाव आहे का? गाव आहे? जात? सीधा बागेत उगवतो साला. आणि आडनाव कुणाला, तर हसवणाऱ्याला. स्वयंपाकी मद्रासी, टायपिस्ट बाई ख्रिश्चन, गाडी ढकलणारा म्हातारा पारशी, शिंपी मुसलमान, दार उघडणारा गडी खेड्यातला. नायक बोलतो ती भाषा आणि हे बोलतात तो विनोद."

"मला तर तेच आवडतं," मी म्हणायचो. "अडीच तास नायकाला कुणी आडनाव विचारत नाही."

"अरे, पण तो तू नाहीस."

"मग असू दे ना. अंधारात कुणाला दिसतंय?"

यावर तू कपाळावर हात मारायचास. हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं आणि तुझंही खोटं नव्हतं. पण तुझ्यासारखं बोलता येत नसल्यानं मी दर वेळी हरलेला दिसायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. शहरात तुम्हाला तो नळाला आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीत भेटला. आमच्याकडे तो मेंढरांत शिरला. आबांनी पाचोडच्या बाजारात कळप विकला त्या दिवशी मी सोबत होतो. दिवसभर आबा तोंडातून शब्द काढत नव्हते. सौदासुद्धा रुमालाखाली बोटं धरून झाला. मला वाटलं, दुःखानं वाचा बसली असेल. घरी आल्यावर आईनं सांगितलं, "बोलले असते तर मेंढरं त्यांच्या मागं आली असती. आवाज वळखत्यात ती." त्यानंतर घरदार उचलून सगळे मुकुंदवाडीला आले. तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं. आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले. त्याच रस्त्यावर आता पूल आहे आणि पुलाखालून माझा नातू क्लासला जातो.

मेंढरांशी बोलायचे आवाज निरनिराळे असतात, हे तुला कधी सांगितलं नाही. हाकायचा वेगळा, कोल्हा-लांडगा आला तर वेगळा. पाण्याकडे वळवायचा आणखी वेगळा: जीभ टाळूला लावून लांब थरथर काढायची आणि शेवटी घशातून चढता हेल. अक्षरांत तो बसत नाही. कळप विकल्यापासून आबांनी तो काढला नव्हता. कशाला काढतील, आमच्याकडे तेव्हा पाणीही नव्हतं आणि मेंढरंही नव्हती.

त्याच वर्षी तू आपलं चित्रपट मंडळ काढलंस. शाळेचं सभागृह, भाड्याचा प्रोजेक्टर, खाली सतरंज्या. पहिलाच सिनेमा तू हौसेनं निवडलास: घड्याळं विकणारा नायक आणि डॉक्टरची मुलगी, दोघांनीही एकच बंगला भाड्यानं घेतलेला. तू म्हणालास, "आबांना आण. सुरुवातीलाच मेंढरं आहेत, खूश होतील." आणि आदल्या दिवशी एकट्यानं रीळ चालवून बघून तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा उतरलेला होता. मला काही सांगितलं नाहीस. एका बाजूला जाऊन वहीचा पुठ्ठा फाडून घेतलास.

ही तुझी युक्ती नव्हती. गावातले ऑपरेटर बायका-मुलांच्या खेळाला नको तो प्रसंग आला की भिंगापुढे पुठ्ठा धरायचे. पडदा अंधारायचा, आवाज चालू राहायचा, लोक खाकरायचे आणि मग पुन्हा चित्र यायचं. त्यांनी चुंबनावर धरला, तू पडद्यावरच्या धनगराच्या सोंगावर धरलास. आमच्या इभ्रतीची तुला चुंबनाइतकी काळजी होती, हे मी तुला चिडवायला कितीदा तरी जिभेवर आणलं आणि गिळलं.

आबा धुतलेलं धोतर आणि खांद्यावर घोंगडी, असे आले. मला ती घोंगडी नको होती. "राहू द्या ना ती घरी," असं मी दोनदा म्हटलं. आबा म्हणाले, "थंडी वाजंल. बसायलाबी व्हईल." सतरंजीवर प्राध्यापक, वकील, त्यांच्या बायका, सगळे बसलेले. मी आबांना भिंतीकडेला बसवलं. जागा चांगली म्हणून नाही. तिथं कमी दिसतील म्हणून.

सिनेमा सुरू झाला. घाटातून मुलीची मोटार चालली. मेंढरं आडवी आली आणि पडदा काळा झाला. अंधारात एका सोंगाड्याचा आवाज येत होता, कुठल्याच गावची नसलेली हिंदी बोलणारा. मोटारीचा भोंगा वाजला, तो किंचाळला, पळाला. मग नुसती मेंढरं ऐकू यायला लागली. आणि त्यांच्या मागून कुणीतरी तो आवाज काढला. टाळूवरची थरथर आणि चढता हेल.

आबा उठून उभे राहिले. हात वर करून त्यांनी त्याला जबाब दिला. छाती भरून, जसा माळावर देतात तसा. सभागृहाच्या भिंती त्या आवाजाच्या मापाच्या नव्हत्या.

आधी एक बाई दचकून ओरडली. मग सगळे हसले. सगळे, माधव. मी त्यांचं धोतर ओढत होतो आणि म्हणत होतो, "आबा, बसा खाली, बसा." त्या क्षणी मला माझा बाप नको होता. हे याहून सौम्य शब्दांत मला लिहिता येत नाही.

आणि मग तू आलास. दिवे लावलेस, पुठ्ठा तसाच हातात. "हसू नका," असं ओरडलास. तू तेव्हा वीस वर्षांचा होतास आणि समोर तुझेच प्राध्यापक बसले होते. तू म्हणालास की या माणसाचा अपमान दाखवणाऱ्या सिनेमाला त्यानं आपल्या तोंडावर जाब विचारला आहे, आपण सगळ्यांनी माना खाली घालायला हव्यात. त्यांनी खरंच माना खाली घातल्या. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळं सभागृह वाजवायला लागलं. आबांनी गोंधळून सगळ्यांना हात जोडले आणि बसले.

तू मला वाचवलंस त्या दिवशी. दोन मिनिटांपूर्वी मी येड्या धनगराचा पोरगा होतो आणि आता स्वाभिमानी माणसाचा मुलगा झालो होतो. असं कुणी दिलं तर परत कोण करतो? मी मान ताठ केली आणि उरलेला सिनेमा बघितला.

मुकुंदवाडीपर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत आबांनी विचारलं, "सोपाना, लोकांनी टाळ्या कामून वाजवल्या?"

"तुमचं बोलणं आवडलं त्यांना."

"म्या कुठं बोललो? म्या तर मेंढरं वळवली." थोडं चालल्यावर म्हणाले, "त्यो पुढचा गडी घाटावरचा असंल. हेल निराळा हाय, पर हाळी पान्याचीच. एकट्याच्यानं वळत नव्हती ती. लई तहानली व्हती, वरडण्यावरून कळतं. म्हून म्या मागनं दिली."

"सिनेमा होता तो, आबा."

"व्हय," आबा म्हणाले. "पर मेंढरं खरी व्हती."

दुसऱ्या दिवशी हे तुला सांगायचं असं ठरवून मी कॉलेजात आलो. तू चार जणांत उभा राहून तीच गोष्ट सांगत होतास. मला बघून जवळ ओढलंस, खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालास, "हा त्यांचा मुलगा." त्या चौघांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्या नजरेची मला आधी माहितीच नव्हती. सांगायचं ते राहूनच गेलं.

मग ती गोष्ट वाढत गेली. पहिल्या वर्षी आबा नुसते ओरडले होते. पुढे ते "बंद करा हे" म्हणाले. नोकऱ्या लागून आपण दोघं शहाणे झाल्यावर आबा "आम्ही असे नाही" म्हणायला लागले. एकदा तर तू त्यांच्या हातात काठी दिलीस. तू खोटं बोलत होतास असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी काय म्हटलं असेल याचा तू मनापासून विचार करायचास आणि मग तेच तुला आठवायला लागायचं. सिनेमातल्या धनगराला तरी कुणा लेखकानं वाक्यं लिहून दिली होती. आबांना तू दिलीस. वाक्यं चांगली होती, याबद्दल वाद नाही.

आबा वारले तेव्हा तू मुकुंदवाडीच्या स्मशानात सगळ्यांच्या आधी येऊन उभा होतास. लाकडं रचायला लागलास तेव्हा आमच्या भावकीनं तुला बाजूला केलं, तुला जमत नव्हतं म्हणून. तू रडलास, मी रडलो नाही. निघताना तू म्हणालास, "सोप्या, इत्ता मोठा माणूस आणि आपण त्यांना फक्त एकदाच सिनेमाला नेलं." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण भावकी शेजारी उभी होती आणि तू त्यांच्यापुढे आबांना मोठा माणूस म्हणत होतास.

मंडळाच्या दर वाढदिवसाला तोच सिनेमा लागायचा आणि तोच पुठ्ठा. पुठ्ठ्याची रीतच पडून गेली. पडदा काळा झाला की सगळे शांत बसायचे, कुणी खाकरायचंही नाही, जणू श्रद्धांजलीचं मिनिट. लोक चोरून माझ्याकडे बघायचे. तुला वाटायचं, दर वर्षी ते मिनिट मला जड जातं. खेळ सुटल्यावर तू माझ्या पाठीवर हात ठेवायचास आणि पान खायला न्यायचास.

आता ऐक. मी त्या मिनिटासाठी यायचो. त्या शांततेत तो घाटावरचा गडी मला स्वच्छ ऐकू यायचा. घरात आबांचा फोटो होता, घोंगडी होती, पण आवाज कुठेच नव्हता. तो वर्षातून एकदा तुझ्या सभागृहात, तुझ्या पुठ्ठ्याआड यायचा. त्याचा हेल निराळा होता हे आबांनी सांगितलेलं मला पाठ होतं, तरी मी डोळे मिटून घ्यायचो. शेजारी बसलेल्यांना वाटायचं, यांना अपमान सहन होत नाही. एवढी वर्षं तू मला नकळत माझा बाप ऐकवत होतास आणि मी तुला साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. म्हणायचं तर गोष्ट मोडावी लागली असती.

गेल्या दोन-तीन वर्षांत मंडळात तरुण पोरंपोरी आली. एका मुलीनं तुला भर सभेत विचारलं, "सर, काय झाकायचं हे तुम्ही कसं ठरवणार? दाखवा आणि मग बोलू." तू हसून वेळ मारून नेलीस, पण तुला ते लागलं. तुला पटलेलं लागायचं, न पटलेलं तू विसरून जायचास. आजारी पडल्यावर तेच तुझ्या डोक्यात फिरत होतं. या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे रोज यायचो. गल्लीत टँकर आला की सुधावहिनी पाइप धरायला खाली पळायच्या. हर्सूलचा तलाव तळाला गेला, शहर मात्र चारी बाजूंनी वाढतच होतं. तू पलंगावरून टँकरचा भोंगा ऐकायचास.

अशाच एका दुपारी तू विचारलंस, "सोप्या, खरं सांग. आबा त्या दिवशी नेमकं काय म्हणाले होते? मी तर मागं मशीनपाशी होतो, मला शब्द ऐकू आलेच नव्हते."

मी तुझ्याकडे बघितलं. तू एवढासा झाला होतास. मला वाटलं, हा सगळा संसार त्या एका ओरडण्यावर उभा आहे: तुझं मंडळ, तुझी भाषणं, तुझ्यामाझ्यातलं कितीतरी. आणि खरं सांगू, तेही कारण नव्हतं. मला अजूनही लाज वाटत होती. इतक्या वर्षांनी, पेन्शनर झाल्यावर, तुझ्यापुढे सुद्धा. माझा बाप सिनेमातल्या मेंढरांना हाळी देत होता, हे मला तोंडानं म्हणता येईना.

"आता आठवत नाही," मी म्हणालो.

"चल, छोड," तू म्हणालास. "मी घातलेत ते बरे आहेत." आणि हसलास, आणि खोकल्यानं ते हसू अर्ध्यात तोडलं. सुधावहिनी ओल्या साडीनं वर आल्या आणि मी निघालो. त्यानंतर तू माझ्याशी बोलण्याइतका जागा झाला नाहीस.

तू गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी नातवाकडून मोबाइलवर तो सिनेमा लावून घेतला. पुठ्ठ्याशिवाय प्रथमच बघत होतो. तो सोंगाड्या आला. कापसाच्या मिशा, उलटी घोंगडी, भोंग्याला दंडवत घालतो. नातू हसला. मीही हसलो, चांगला हसलो. तू असतास तर मला फाडून खाल्लं असतंस. मग तो पळाला आणि हाळी आली. मी फोन डोळ्यांशी नेऊन त्या गड्याला शोधत राहिलो. मेंढरं होती, मोटार होती, पण हाळी देणारा कुठेच नव्हता. तो चौकटीच्या बाहेर उभा असणार. मेंढरं हाकायला आणलेला कुणी, त्याला चित्रात घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नसणार. तू ज्याच्यावर पुठ्ठा धरायचास तो आमचा नव्हताच रे. आमचा जो होता तो चित्रात आलाच नाही. नातू अजून हसत होता, म्हणून हाळी मला पुन्हा लावून ऐकावी लागली.

परवाची सभा त्याच सभागृहात होती. आता तिथं खुर्च्या आहेत. तुझ्या मुलानं, निखिलनं, तो प्रसंग लावला आणि नव्या मशीनपुढेही रीतीप्रमाणे पुठ्ठा धरला. मिनिट झालं. मग तो म्हणाला, "आणि आता ती गोष्ट सोपानकाकांच्या तोंडून ऐकूया."

मी उभा राहिलो. तुझ्या फोटोकडे बघून म्हणालो की माझ्या वडिलांनी निषेध केला नव्हता. त्यांनी कुणाला जाब विचारला नव्हता, अपमान त्यांना दिसलाच नव्हता, कारण पडदा काळा होता. त्यांना मेंढरं तहानलेली वाटली. ती त्यांनी पाण्याकडे वळवली. बस, एवढंच.

मला वाटलं, झालं एकदाचं. मग पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक हळूच म्हणाले, "केवढं मोठं रूपक आहे हे." शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. ज्या मुलीनं तुला तो प्रश्न विचारला होता तिनं मागून हात वर केला आणि म्हणाली, "काका, तो आवाज कसा होता? काढून दाखवाल?"

काढायला पाहिजे होता. तुझ्यासाठी तरी. मी जीभ टाळूला लावली, छाती भरली. इतक्या वर्षांत मी तो कधी काढला नव्हता. लहानपणी आबा शिकवायला लागले की मी पुस्तक घेऊन बसायचो. शाळेतली पोरं ऐकतील अशी भीती वाटायची. परवा घशातून नुसती खरखर आली. लोकांना वाटलं, हुंदका दाटला. कुणीतरी लगबगीनं पाण्याचा ग्लास आणून दिला. आणि मग टाळ्या, माधव. तेव्हासारख्याच, सगळं सभागृह. मी हात जोडले आणि बसलो.

लोक पांगले. निखिल मशीन आवरत होता. तो पुठ्ठा फेकायचा की ठेवायचा, हे त्याला कळत नव्हतं. सुधावहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. तुझ्या भाषणांना त्या कधी आल्या नाहीत. म्हणायच्या, घरी होतात तेवढी पुरेत. त्या समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होत्या.

मग म्हणाल्या, "भावजी, मग पोचली का ती मेंढरं पाण्यावर?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तूही नाहीस, मीही आबांना नाही.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. "पुढच्या सीनला बंगला येतो."